निरोगी गटाची हगवण

७ मार्च २०१६
आजपासून पीएचडी एके पीएचडी. उंदरांचे दोन गट. एका गटाच्या पिण्याच्या पाण्यात पावडर टाकायची, म्हणजे आतडं सुजून रक्ती हगवण लागते. मग माझा बेलफळाचा काढा पाजून ती थांबवायची. दुसरा गट साध्या पाण्यावर, निरोगी, तुलनेसाठी. जूनपर्यंत हे जमलं की विभागप्रमुखाची खुर्ची माझी. नाहीतर ती बंकटला, जो तास चालू असताना खिडकीतून गुटखा थुंकतो. शी.
निश्चय: उंदरांचं पाणी स्वतः बदलणार.

८ मार्च
पिंजऱ्यांच्या खोलीत गेलो. काय तो वास! त्यात कॉलेजच्या संडासाला पाणी नाही. जेवणाचा डबा न उघडता घरी परत आणला. पाणी बदलायचं काम जालिंदर शिपायाकडे दिलं. संशोधकाने विचार करायचा असतो.

१० मार्च
जालिंदर बाटल्यांतलं उरलेलं पाणी मोरीत ओतताना सापडला. साखर कारखान्याचा टँकर आठवड्याने येतो, तोही कॉलेज त्याच संस्थेचं म्हणून, आणि हा मोरीला पाजतोय! दुष्काळावर लेक्चर दिलं. थेंबही वाया जाता कामा नये, म्हणालो. या लोकांना कुणीतरी शिकवायलाच हवं.

१६ मार्च
पावडरवाले उंदीर हगले. रक्तासकट! नाकाला रुमाल लावून दारातूनच खात्री केली. घरी दानम्माने पातळ पिठलं वाढलं. ताट सरकवलं. तिचा स्वयंपाक न आवडण्याची लग्नानंतरची ही पहिली वेळ नव्हे, पण कारण सांगितल्यावर तीही जेवली नाही.

१९ मार्च
निरोगी गटही हगतोय. हरामखोर. टँकरचं पाणी घाण आहे म्हणून कारखान्याचे चेअरमन आप्पाराव यांच्याकडे तक्रार नेली. ते म्हणाले, तेच पाणी सगळं गाव पितंय, गाव ठणठणीत आहे. म्हणजे बंकटचाच हात.

२३ मार्च
साक्षात्कार! पाणी नाही, बंकट नाही, दुष्काळ! दुष्काळाच्या ताणानेच निरोगी उंदराचं आतडं सुजतं. असं मॉडेल जगात नाही. नाव ठरलं, अर्थात माझंच: शिवशरण मॉडेल. गाईड त्रिंबक सरांना औरंगाबादला मेल टाकला. खुर्ची किरकोळ वाटू लागली आहे.

२९ मार्च
सर स्वतः आले. मॉडेलबद्दल ऐकून न घेता जालिंदरला पाणी बदलून दाखवायला सांगितलं. त्याने दोन्ही गटांचं उरलेलं पाणी एकाच बादलीत ओतलं, ढवळलं आणि त्यातूनच सगळ्या बाटल्या पुन्हा भरल्या.
सरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं?
"ह्ये आमचे सरच म्हनले की, थेंब वाया घालू नको. दुष्काळ हाय."
मी कधी आत येऊन पाहिलं का, असं सरांनी मला विचारलं. वासाची अडचण सांगितली. ते पिंजऱ्याजवळ उकिडवे बसून राहिले, रुमालसुद्धा न लावता. किळसवाणा प्रकार. मग म्हणाले, सगळे उंदीर बाद, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे जून हुकला.
चूक जालिंदरची. पाणी वाचव म्हणालो होतो, मिसळ म्हणालो नव्हतो.

१५ जून
बंकट खुर्चीवर बसला. सत्काराला हार मिळेना, या उन्हाळ्यात फुलं कुठली? शेवटी माझ्याकडचा दिला. फुलवाल्याला मी फेब्रुवारीतच ॲडव्हान्स देऊन ठेवला होता. घालायलाही मलाच सांगितलं. बंकटने वाकून नमस्कार केला. तोंडात गुटखा होता.