पिंजऱ्याचे टाके

२७ सप्टें., शनि. शिरवळ
दाजींच्या जुन्या पिकअपला आतून पाइपांचा पिंजरा बसवायचं काम चालूय. रोल केज. गाडी उलटली तर टप डोक्यावर बसू नये म्हणून. पुढच्या रविवारी, ५ तारखेला, कवठे महांकाळजवळ चिखलातली शर्यत, दाजी चालवणार. मी वेल्डिंग मिस्त्रींच्या हाताखाली. आक्काचा फोन, "मधीच कुटं जाऊ नगंस रं."
दुपारी हायवेवरनं ट्रेलरवर पवनचक्कीचं पातं चाललं होतं, लय लांब. बघत बघत त्याच्यामागं बाइक खंडाळ्यापर्यंत... मिस्त्रींनी शिव्या घातल्या.

३० सप्टें., मंगळ.
पिंजरा उभा राहिला. मागचे दोन्ही पाय मात्र नुसते वेल्डिंगच्या ठिपक्यांचे कच्चे टाके मारून धरलेत. मिस्त्री म्हणाले, "पक्कं वेल्डिंग उद्या." मी म्हटलं, "उद्या खंडेनवमी." त्यांनी कपाळावर हात मारला. उद्या हत्यारांची पूजा, मशीन चालू करायचं नाही. परवा दसरा. ते गावी निघाले. "आल्यावर करू. दाजींना सांग."

१ ऑक्टो.
वेल्डिंग मशीनला झेंडूचा हार. ग्राइंडरलापण. आणि दाजी नेमके आज आले, रंगारी घेऊन! दसऱ्याला गाडी रंगवून दारात पाहिजे. मी म्हटलं, रंगाचं पिस्तूलपण हत्यारच की. रंगारी म्हणतो, "त्येची पूजा सकाळीच उरकली."
"दाजी, मागचे पाय कच्चे आहेत."
"हालतोय का? न्हाई न्हवं?"
पिवळाधमक मारला. टाके रंगाखाली गेले.

२ ऑक्टो. दसरा. क. महांकाळ
दाजी सगळ्यांना पिंजऱ्याला लोंबकळून दाखवतायत. मी मिस्त्रींना फोन लावून दिला. तासाभराचं काम आहे, उद्या गाडी शिरवळला घेऊन या म्हणाले. दाजी भावकीसमोर, "नवा रंग जाळू व्हय? पाव्हण्यानं आजवर एक काम पुरं केलंय का? आन् मला शिकवतोय!" सगळे हसले. आक्कापण हसली. ते लागलं.

४ ऑक्टो.
आक्काला मागं नेऊन रंग खरवडून दाखवला. शाबूएवढे टाके. "एवढ्यावरच?" तिनं नखानं एक टाका टोकरला. मग, "माझं ऐकत न्हाईत रं ते."
दाजींनी ओरखडा बघितला. पोरांदेखत कानाखाली दिली. जेवलो नाही. कुणी विचारलंपण नाही.

५ ऑक्टो., रवि. सकाळ
आज शर्यत. गाडी घेऊन मिरजेच्या रस्त्याला आलोय. चावी आक्कानंच दिली, पण ती कबूल करणार नाही. रविवार, सगळी शटरं बंद. एकच वेल्डर सापडला, घर मागंच आहे म्हणून. मशीन बाहेर काढलं, ओरखडा बघून म्हणाला, "असल्या टाक्यांवर पळवणार हुता?" मग रंगावरनं हात फिरवला. "मालक कोण? नवा रंग हाय. त्येनं हो म्हटल्याबिगार जाळणार न्हाई."
किती सांगितलं. ऐकत नाही. बिडी ओढत बसलाय.
फोन वाजतोय. दाजींचा.