महासंस्थांची भूक आणि माझे ताट

गुरुवार, १४ मे
आंतरराष्ट्रीय रोखे निधीच्या (यापुढे आं.रो.नि.; आयुष्य अल्प आहे) बड्या धारकांचे तिमाही विवरण प्रसिद्ध झाले. एका विदेशी पेन्शन फंडाने हिस्सा निम्म्यावर आणला. एका विमा कंपनीने वाढवला. दोन्हीकडे प्रकांड पंडित पगारावर आहेत. एस्प्लनेडच्या ऑफिसात दिवसभर चित्त अस्थिर. माझे त्यात किरकोळ. परंतु दादा गेल्यावर वहिनींनी बालीगंजचा फ्लॅट विकून आलेली समग्र पुंजी माझ्या एका वाक्यावर तिथे ठेवली. वाक्य : "वहिनी, निःशंक असा." दादा असता तर त्याने मला मध्येच थांबवले असते.

शुक्रवार, १५ मे
ज्ञानप्राप्ती. विवरण मार्चअखेरचे! प्रसिद्ध होईतो दीड महिना लोटतो. म्हणजे पेन्शन फंड एव्हाना परतला असेल, विमा कंपनी पळालीही असेल. मला दिसतात त्या पाऊलखुणा. पाय कुठे आहेत, ते...
युनिटचा भाव उतरला. पोळी अर्धी टाकली.

शनिवार, १६ मे
बराकपूरहून वहिनींचा फोन. मला नव्हे, सौ.ला. दिराला पैशाचे थेट विचारायचे नाही, हा त्यांचा कुलाचार. प्रश्न एवढाच : "भाऊजी जेवतात ना नीट?" सौ. सत्यवचनी. "काल अर्धी पोळी टाकली हो."
नंतर मला : "अहो, एवढंही कळत नाही? दिवाळीत तुम्ही फराळाला शिवला नाहीत, तर त्यांनी शेअर विकून टाकले. वाचल्या."
म्हणजे मी महासंस्थांवर पाळत ठेवतो. वहिनी माझ्या ताटावर.
उद्या त्या जेवायला येणार. सोमवारी त्यांनी पैसे काढायला एजंटला बोलावले आहे.

रविवार, १७ मे
हिमसागर आंब्याचा रस, पुऱ्या. (हापूसविषयीचा शोक यथाविधी.) 'मला काहीही कळत नाही' हे सुस्पष्ट सांगण्याचा संकल्प होता. वाढायला वहिनी. "घ्या की भाऊजी, अजून वाटी." दृष्टी वाटीवर नव्हे, मुखावर. त्या घाबरू नयेत म्हणून घेतली. पुन्हा घेतली. पोटातली सगळी जागा भीतीने अडवलेली असताना रस कुठे मावला, देव जाणे.
वहिनींचा चेहरा निवळला. तिथेच मोबाइल काढून एजंटला बंगालीत सांगितले, उद्या येऊ नका, पैसे तिथेच राहू देत.
मी तत्काळ तोंड उघडले. ते रसाने भरलेले होते.

सोमवार, १८ मे
भाव आणखी खाली. वहिनींना स्वतः फोन केला. आयत्या वेळी धैर्याने देह ठेवला, म्हणालो, "ऊन कसं आहे तिकडे?"
"फार. पण काल तुम्ही जेवलात ना भाऊजी, जिवाला बरं वाटलं बघा."
घरी आल्यावर सौ.ला गंभीरपणे कळवले, "आज मला उपास."
"सोमवारचा? तुम्हाला?" तिने माझ्याकडे पाहिले, पदराला हात पुसले आणि फोन उचलला.
बराकपूरचा नंबर लागतो आहे. थांब म्हणावे का? पेन्शन फंड याच क्षणी परत फिरत असला तर...