शाळेच्या फॉर्मवरचा रिकामा रकाना

मंगळवार, संध्याकाळ

हे गेले, मग नोकरीसाठी लाखनी सोडून भंडाऱ्याले आली. चार महिने झाले. पोरीच्या शाळेच्या फॉर्ममधला तो एक रकाना अजून रिकामाच. आई येऊ शकली नाही तर कोणाला बोलवायचं? गावात कोणाचंही नाव लिहिलं असतं. इथं कोण आहे मले? आणि फॉर्म उद्याच द्यायचा आहे.

शेवटी शेजारच्या विणकर काकूंचं दार वाजवलं, पहिल्यांदाच. फॉर्म पुढे धरून तो रकाना दाखवला.

"लिव ना माहं नाव," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहतच राहिल्या. "पोरीले मी आणीन. पण तू आजारी पडली, तं तुले कोण पाहीन?"

हे मले इथं कोणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या दारातच बसून रडली.