रेंजचा कातळ

मंगळवार, दिवेलागण

घरात फोनला रेंज नाय. म्हणून आमची प्राची पदवी झाल्यापासून टेकडीवरच्या कातळावर बसून नोकरीचे फोन घेते. आज उशीर केलान, म्हणून चिडून वर गेले. बघते तर ओढणीला पिन लावून ताठ बसलेली, जसा काय साहेब कातळावर समोरच हाय! फोन ठेवलान.

"काय गो?"

"अनुभव नाय म्हणून नको म्हणाले. पण आई, आज शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचले!"

आणि वर हसते पण. हा सातवा नकार. मी गुरुजींच्या एका छडीला घाबरून चौथी सोडली. मग ही कुणावर गेली?

उद्या कोयता नेते. कातळाच्या वाटेवर काटे माजलेत, आणि परवा तिचा दुसऱ्या नोकरीचा फोन हाय.