वासाचा रकाना

४ जानेवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

कुरिअरने डबी मिळाली असेल. तीत आंबवलेल्या सोयाबीनचं विरजण आहे. शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी दिलं आणि महिनाभर मला दुसरं काही सुचत नाही. चमचाभर विरजण एका दिवसात अख्खं ताट ताब्यात घेतं! जंतूंचा धडा इतकी वर्षं शिकवला, कारभार आत्ता पाहतेय.

सोयाबीन रात्रभर भिजव. दाणे बोटांत चिरडतील इतके वाफव, निथळ आणि गरम असतानाच विरजण कालव. उथळ डब्यात पातळ थर पसर, वर भोकं पाडलेला कागद, आणि एक दिवस उबेत. मग वहीत तीन रकाने आखून लिही: रंग, तार, वास. हॉस्टेलच्या साठ मुलींना रांधून घालतेस, तुला हे जड नाही. ताप जाऊन दीड महिना झाला, आता आळस नको.

आशीर्वाद आहेतच, उत्तर मात्र लवकर हवं.

तुझी ताई

११ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

निवृत्त झालीस तरी प्रयोगवह्या तपासायची खोड गेली नाही! घे तपासायला. रंग बदामी, वर पांढुरकी साय. चमचा उचलला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या तारा, एक तर हातभर ओढली. ढवळत राहिलं की फेस येतो. का गं?

ह्यांनी आपलं ताट उचलून गॅलरीत नेलं. तुझ्या ताईला मी पहिल्यापासून पसंत नव्हतो, आज पुरावा मिळाला, म्हणाले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

१६ जानेवारी

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तिसरा रकाना कोरा आहे. ज्या वासाने नवरा गॅलरीत पळाला, त्याबद्दल तुला एक शब्द सुचू नये? लहानपणी शेजारणीच्या बंद डब्यात काय आहे ते तू जिन्यात उभी राहून सांगायचीस.

डोळे मिटून लसूण, कॉफी आणि साबण हुंग, आणि खरं लिही. तापात नाक गेलं असेल तर त्यात लाज कसली? पण रोज सकाळी माल हुंगून घेणारी तू आहेस. वॉर्डनबाईंना तू सांग. आठ दिवसांत सांगितलं नाहीस, तर मी येऊन सांगेन.

रागावलीस तरी चालेल.

तुझी ताई

२३ जानेवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तिन्ही सारखेच, पाण्यासारखे. नोव्हेंबरपासून असंच आहे. ह्यांनाही सांगितलं नव्हतं. नाक नसलेली स्वयंपाकीण कोण ठेवेल? नोकरीची अजून सात वर्षं आहेत. तुझं विरजण आलं तेव्हा वाटलं, एवढा उग्र वास तरी पोचेल. डब्यात नाक खुपसलं. ऊब लागली, बास. मीठ, आंबट, तिखट मात्र जिभेला नीट कळतं. असं कसं, ते सविस्तर लिही.

परवा वॉर्डनबाईंना सांगितलं. त्या चष्मा पुसत बसल्या. मग मदतनीस बाईला बोलावून म्हणाल्या की माल आता तिने हुंगायचा, मीठमसाला मी बघायचा. डॉक्टरांचा कागद आणा, पुढचं महिन्याने ठरवू, असं मला म्हणाल्या.

काल चिकन आलं. रंग छान, पिशवीवरून हाताला घट्ट, बर्फही शाबूत. मी पातेलं चढवलं होतं. बाईने पिशवी उघडली आणि तोंड दाबून मोरीकडे धावली. ताई, मी ते रांधलं असतं.

डिसेंबरात दोन मुली पोट बिघडून घरी गेल्या होत्या. तेव्हा मी दोष पाण्यावर ढकलला. वॉर्डनबाईंनी टाकी धुऊन घेतली आणि पाणीवाल्याला बोल लावला. हे पत्र पेटीत टाकून तेही सांगायला वॉर्डनबाईंकडेच निघाले आहे. नोकरीचं काय होईल ते होवो.

तुझा लोभ आणि धाक, दोन्ही असू दे.

तुझी धाकटी