टीव्हीवरच्या बाईचा हिरवा चेहरा

मेहरूण, जळगाव
चैत्र, १९८९

अक्का,

तुझ्या आणि दाजींच्या पाया पडून लिहितो. गुडघे कसे आहेत? आम्ही बरे आहोत (मी सोडून, ते पुढे येतंच). तुझ्या मंजुळाच्या लग्नापासून तू बोलत नाहीस, दोन वर्षं अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आली नाहीस. तरी हे पत्र चुलीत घालायचंच तर निदान वाचून घाल.

झालं असं, की आम्ही रंगीत टीव्ही घेतला आणि आल्या आल्या त्याचे रंग बिघडले. दुरुस्तीवाला रुपचंद मागचं झाकण काढून स्क्रू फिरवत बसला. मला म्हणाला, तुम्ही समोर बसा, बातम्यांच्या बाईचा चेहरा नीट आला की थांबवा. मी थाटात बसलो (घरचा कर्ता ना!) आणि थांबवलं. त्याला बोदवडची गाडी गाठायची होती, समोर येऊन न बघताच पळाला. आठ दिवस अख्खी आळी आमचा चहा पिऊन बातम्या बघून गेली, कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी शेजारच्या द्रौपदाबाईंना राहवलं नाही. "ती बाई आजारी शे का रे? बठ्ठं तोंड हिरवं!"

रुपचंदला परत बोलावला. त्याने काचेवर भिंग धरलं. आत नुसते ठिपके! किती रंगांचे, विचारलं. मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, तीन: लाल, हिरवा, निळा. पिवळा तर टीव्हीत नसतोच म्हणे. लाल-हिरवा उजेड एकदम डोळ्यात गेला की आपल्याला पिवळा दिसतो. डोळ्यातच तीन तऱ्हेची सोय असते, म्हणून टीव्हीतही तीनच रंग घालतात. मग हळूच म्हणाला, "काका, टीव्ही चांगला आहे." डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं: दोष टीव्हीत नाही, माझ्या डोळ्यांत. लाल-हिरव्यातला फरक मला जन्मापासून कळत नाही.

अक्का, तेव्हा मला मंजुळाच्या लग्नाचा मांडव आठवला. भावाचा आहेर म्हणून तू डाळिंबी साडी सांगून ठेवली होतीस. मी चार तास दुकानात बसून, दुकानदाराला तोंडही उघडू न देता, निवडून आणली. तू घडी उलगडलीस, मुकाट्याने बाजूला ठेवलीस आणि नणंदेच्या साडीत उभी राहिलीस. मला वाटलं, अक्काला माज आला. तुला वाटलं असेल, भावाने हाताला लागेल ती उचलली. परवा तुझ्या भावजयीने, प्रमिलाने सांगितलं, ती मेंदीच्या पाल्यासारखी हिरवी होती. (तिला तेव्हाच दिसलं होतं, पण वाटलं, भावाबहिणीचं ठरलं असेल!) चुकलं माझं. फार वाईट वाटतं गं.

तुझा,
जीवराम

ता. क. डॉक्टर म्हणतात, हे आईकडून येतं. आईला स्वतःला काही नसतं. तुला तिचा गळा मिळाला, मला हे.

ता. क. दुसरा: आखाजीला ये. साडी आणून ठेवलेली नाही. निवडायची तू, मी फक्त पिशवी धरीन.

ता. क. तिसरा: जुनी कोणाला देऊ नको. एवढं सगळं कळलं, तरी मला ती डाळिंबीच दिसते. तुला फार शोभेल.