पाहुण्याचा मान

एल्दोस,

तुमचा रॉक बँड आता राजधानी बिश्केकच्या टीव्हीवर दिसतो. आपल्या नारीन गावातल्या गोठ्यात वाजवायचात तेव्हा गाय आटली होती, हे तिथे सांगू नकोस.

आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला घरचा मुलगा म्हणून तू पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला उठलास. काका ओरडले, "अरे, टीव्हीवरचा माणूस पाणी घालणार? वर बसा, साहेब!" मेंढ्याचं डोकं तुझ्यापुढे आलं. ते पाहुण्यालाच देतात, हे तुला ठाऊक आहे. तरी तू बसलास आणि सोबत आणलेल्या कॅमेऱ्याकडे बघत त्याचा कान कापलास.

पाणी मग मी घातलं, तुझ्याही हातांवर. "आभारी आहे, ताई," म्हणालास. मला काहीच वाटलं नाही.

हे पाठवणार नाही. पाहुण्याला असं लिहीत नाहीत.

तुझी ताई,
जिपार